आता बघ हं!

माझ्या एका मित्राने मला आजवर अकरा कल्ट सिनेमे (म्हणजे बहुधा पडलेले, पण मूठभर भक्तांनी डोक्यावर घेतलेले) दाखवले. त्यातला एकही मी धड पाहिलेला नाही, कारण सिनेमा चालू असताना तो मला पाहत असतो.

त्याचं बरोबरच आहे म्हणा. त्याचा तो सिनेमा तोंडपाठ असतो. बघायचं राहिलेलं असतं ते फक्त माझं तोंड. "आता बघ हं," तो म्हणतो. मी सरसावून बसतो. पडद्यावर एक माणूस दार उघडून आत येतो. बस, एवढंच. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून न्याहाळतात तसा मित्र माझा चेहरा न्याहाळत असतो. चेहऱ्यावर काहीच सापडलं नाही की सिनेमा थांबतो, मागे जातो आणि तो माणूस बिचारा पुन्हा दार उघडून आत येतो. अशा वेळी हसून मोकळं व्हावं. पण त्यातही गोम आहे. एकदा मी घाईने हसलो तर "अजून यायचंय ते!" असं मला सुनावण्यात आलं.

एकदा म्हटलं, आपणच तयारी करून जावं. ऐटीत सांगितलं, "मी 'ब्लेड रनर' पाहिला."

"कुठला?"

"१९८२ चा."

"ते झालंच रे. पण कुठला?"

तेव्हा मला कळलं की त्या एका सिनेमाच्या सात आवृत्त्या आहेत आणि दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी त्यातली 'फायनल कट' नावाची २००७ साली काढली. मी पाहिली होती ती नायक मागून निवेदन करतो आणि शेवट गोड होतो ती. मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ती धरत नाहीत," तो म्हणाला.

हा माणूस सर्वात हळवा होतो तो दिग्दर्शक एड वूडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'बद्दल बोलताना. ड्रॅक्युला म्हणून गाजलेला बेला लुगोसी १९५६ साली वारला, तेव्हा वूडजवळ त्याचं काही मिनिटांचंच चित्रीकरण होतं. दुसऱ्या कुणी सिनेमाच गुंडाळला असता. वूडने बायकोच्या ओळखीतला, पाठीचे मणके बसवून देणारा एक गृहस्थ उभा केला. तो लुगोसीपेक्षा उंच होता आणि चेहराही जुळत नव्हता. म्हणून तो उरलेला सगळा वेळ तोंडावर झगा धरून वावरतो! यावर मी मनापासून, कुणी न सांगता हसलो. मित्राचे डोळे पाणावले.

गाजलेल्या सिनेमाचं माझ्यावाचून काही अडत नाही. पडलेला सिनेमा मात्र पोरका असतो. त्याला कुणीतरी बोट धरून घरोघर न्यावं लागतं. शिवाय जे जगाला कळलं नाही ते आपल्याला कळलं, यात एक चोरटं सुख असतंच. (माझ्या मित्राला ऑफिसातही बऱ्याच गोष्टी जगाआधी कळतात. पण तो वेगळा विषय.)

घरात सुधारत नाही म्हटल्यावर त्याने मला भक्तांच्या मेळ्यात न्यायचं ठरवलं. मी हादरलोच. 'रॉकी हॉरर पिक्चर शो'बद्दल मी ऐकून होतो. १९७५ साली आपटलेला हा सिनेमा दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्री दाखवायला लागले आणि लोक पात्रांसारखे नटून येऊ लागले, पडद्याला उलट उत्तरं देऊ लागले, त्यातल्या लग्नात तांदूळ उधळू लागले. म्युनिकच्या एका थिएटरात तर तो १९७७ पासून चालूच आहे. नवख्या प्रेक्षकाच्या तोंडावर लिपस्टिकने खूण करतात, हेही ऐकलं होतं.

"तो नाही, 'द रूम' आहे," मित्र म्हणाला. "फक्त चमचा आण."

'द रूम' २००३ चा. लेखक, दिग्दर्शक, निर्माता, नायक, सबकुछ टॉमी वायझो. खर्च म्हणे साठ लाख डॉलर, आणि पहिल्या दोन आठवड्यांची कमाई जेमतेम अठराशे. त्यातल्या दिवाणखान्यात एक तसबीर आहे आणि तसबिरीत चमचा. का, ते विचारायचं नसतं. तो दिसला की प्रेक्षकांनी ओरडायचं आणि पडद्याकडे चमचे फेकायचे.

प्लॅस्टिकचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तसबीर आली. पन्नास-साठ जणांचे पांढरे चमचे भुर्रकन उडाले. मी घरच्या सेटमधला स्टीलचा चमचा मुठीत घट्ट धरून बसलो होतो. फेकावा तर पुढच्याचं डोकं फुटणार. न फेकावा तर शेजारचा संशयाने बघतोय. तसबीर पुन्हा आली. पुन्हा आली. चौथ्यांदा माझा हात आपोआप वर गेला आणि पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळून म्हणाली, "अहो, तसबीर गेली केव्हाच!"

हे मनाला लागलं. म्हणून काल रात्री मी एकटाच तो सिनेमा लावून बसलो. तसबीर नक्की कधी येते ते कागदावर टिपून ठेवलं आणि सहा चमचे मांडीवर घेतले. तेवढ्यात बायको आली.

"बस जरा," मी म्हटलं. "आता बघ हं."

तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग चमचे मोजले आणि सातवा कुठे आहे असं विचारलं.