समुद्रावर कोविड होत नाही, म्हणून अलिबाग?

कोविडचे रुग्ण वाढू लागले की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: समुद्रावरचं ऊन आणि खारी हवा विषाणू मारते, गाडी स्वतःची, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क नाही, आरटीपीसीआर निगेटिव्ह आहे, डोस झालेत, तर बिनधास्त जा, आणि काही झालंच तर अलिबाग तीन तासांवर तर आहे. यातलं निम्मं खरं आहे आणि लोक फसतात ते त्या निम्म्यामुळेच.

आधी उन्हाचं. प्रयोगशाळेत कृत्रिम सूर्यप्रकाशाखाली लाळेतला विषाणू काही मिनिटांत निकामी होतो, हे २०२० मध्येच दिसलं. पण हातभर अंतरावर बसून बोलणाऱ्याचा श्वास तुमच्या नाकापर्यंत काही सेकंदांत पोचतो. तेवढ्यात ऊन काय करणार? किनाऱ्यावर धोका कमी असतो तो वाऱ्यामुळे. श्वासातले कण तिथे साचत नाहीत. हवेच्या खारेपणाला ते श्रेय देण्याचं कारण नाही. तरी काशीदच्या वाळूवर गर्दी टाळून फिरण्यात फारसा धोका नाही, हे मान्यच करायला हवं.

मात्र शनिवारी सकाळी सातला निघून रविवारी संध्याकाळी सातला परतणाऱ्याचे वाळूवरचे तास मोजा. फार तर सहा. उरलेले तीस तास गाडीत, खाणावळीत आणि खोलीत, म्हणजे छपराखाली जातात. सहल ठरवायची ती या तीस तासांचा विचार करून.

गाडीत एकाच घरातली माणसं असतील तर नवा धोका नाही. ती घरीही एकच हवा घेतात. दोन घरं मिळून सात सीटर केली की गोष्ट बदलते. ठाणे-बेलापूर रोडवर कंपन्यांचा वास आला किंवा पळस्प्याच्या पुढे धूळ उडाली की हात आपोआप त्या बटणाकडे जातो, ज्यावर गाडीच्या चित्रात आत वळलेला बाण असतो. बाहेरची हवा बंद होते आणि ते बटण पुन्हा दाबायचं कुणाला सुचत नाही. चार-पाच माणसं असतील तर अर्ध्या तासात आतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कितीतरी पट होतो, म्हणजे सगळे एकमेकांचा उच्छ्वास घेत बसतात. उपाय सोपा आहे: बाण बंद, पंखा दोनवर, पुढची एका बाजूची आणि मागची विरुद्ध बाजूची काच तीन बोटं खाली. एसी चालू राहिला तरी चालेल. त्याहून बरं म्हणजे दोन घरं, दोन गाड्या.

खोलीकडे तर कुणाचं लक्षच नसतं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. बंद खोलीत अगरबत्ती लावली तर एसीने धूर जातो का? श्वासातल्या कणांचंही तेच. म्हणून नागाव-किहीमला बुकिंग करताना एसी आहे का, याच्या आधी हे विचारा: खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत का, त्यांना डासांची जाळी आहे का (नसेल तर संध्याकाळी सहाला खिडक्या बंद होणार, हे नक्की), बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा चालतो का. सामान आत नेण्याआधी दारं-खिडक्या अर्धा तास सताड उघडा. झोपताना एक खिडकी चार बोटं उघडी आणि एक्झॉस्ट चालू ठेवा.

जेवणाच्या वेळी मास्क निघतो, त्यामुळे दीड वाजता भरलेल्या एसी हॉलमध्ये सुरमई थाळीची वाट बघणं हा सगळ्या सहलीतला सर्वांत वाईट तास. बाराला जेवा किंवा पडवीत पान मांडायला सांगा.

निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ एवढाच, की नमुना घेतला त्या वेळी विषाणू सापडला नाही. संसर्गानंतर पहिले एक-दोन दिवस आरटीपीसीआरही बहुतेक वेळा निगेटिव्हच येते आणि लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो. घरच्या अँटिजेन किटने तपासायचं तर ४८ तासांच्या अंतराने दोनदा तपासा. किट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. बहुतेक किट ३० अंशांपर्यंतच टिकतात.

डोसांनी गंभीर आजाराचा धोका घटतो, संसर्ग टळेलच असं नाही. ओमिक्रॉनमध्ये ते सगळ्यांनी पाहिलं.

‘काही झालंच तर’ हे वाक्य मात्र आम्हाला सर्वांत जास्त खटकतं. काशीदहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय रेवदंड्याचा पूल ओलांडून तीसेक किलोमीटर. लाटेत तिथल्या खाटा आधी रायगडच्या गावांना लागतात. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले. सर्वांत मोकळ्या स्तरासाठी पॉझिटिव्हिटी (म्हणजे चाचण्यांपैकी किती पॉझिटिव्ह आल्या ते प्रमाण) ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या, अशी अट होती. आजही हीच पट्टी लावा, आणि आपल्या महापालिकेबरोबर रायगडलाही लावा. दोन्हींपैकी एकीकडे आकडे वर असतील तर जाऊ नका. घरात डायलिसिस किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर आकडे चांगले असले तरी थांबा.

गेलातच तर ऑक्सिमीटर न्या. पाण्यातून आल्याआल्या लावू नका. गार बोटांवर आकडा चुकतो. हात कोरडे आणि गरम करून पाच मिनिटं बसा, मग बघा. पुन्हा पुन्हा ९३ किंवा खाली आला तर लगेच डॉक्टर गाठा.

राहिला ॲडव्हान्स. तो बुडेल म्हणून ताप असताना पॅरासिटामॉल घेऊन निघणारे बरेच असतात. गोळीने ताप उतरतो, दारावर थर्मल गन असली तर तीही फसते, पण माणूस संसर्ग देतच राहतो. आणि तो संसर्ग पहिल्यांदा जातो तो तुम्ही उतरता त्या घरी रांधणाऱ्या, वाढणाऱ्या बाईंना. म्हणून पैसे पाठवण्याआधीच मालकांना व्हॉट्सॲपवर लिहून विचारा: कुणाला ताप आला तर तारीख बदलून द्याल का? ‘हो’ आलं तरच बुकिंग करा.