"त्या लोकांत सुरक्षित वाटलं का?"

काल रात्री ओमानचे फोटो टाकले आणि आज सकाळी चहा घेता घेता कमेंट वाचायला बसले. चहा तसाच गार झाला. मावशीने विचारलंय, "त्या लोकांत सुरक्षित वाटलं का गं?" आणि त्याच्याच खाली कॉलेजातल्या एका मित्राने लिहिलंय, "काय रस्ते, काय स्वच्छता! आपल्याकडे असं कधी होणार?" दोघांनाही दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे.

मावशी, आधी तुला. निझवाहून बहलाचा किल्ला बघायला निघालो होतो आणि वाटेत आमच्या भाड्याच्या गाडीचा टायर फुटला. दोन्हीकडे उघडेबोडके तपकिरी डोंगर, झाड औषधालाही नाही. स्टेपनी होती, पण जॅकचा दांडाच नव्हता. पहिली गाडी निघून गेली. दुसरी थांबली. पांढरा पिकअप, मागे चाऱ्याच्या पेंढ्या, आणि त्यातून उतरले सत्तरीचे एक आजोबा. पायघोळ पांढरा दिशदाशा, डोक्याला नक्षीची टोपी. नवरा इंग्रजीत काहीतरी सांगू लागला, तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि विचारलं, "बम्बई से?"

आम्ही डोंबिवलीचे, पण तिथे कोण फोड करत बसणार! हो म्हटलं. तर हा माणूस त्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत रस्त्याच्या कडेला मातीत बसला आणि आमचं चाक बदलायला लागला. बदलता बदलता बोलत होता. दहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला डोळ्याच्या उपचारासाठी मुंबईला आणलं होतं. गावाकडून मस्कतला पोचायलाच चार दिवस लागले, गाढवावरून. पुढे बोटीने. बोटीचं नाव अजून पाठ आहे त्याला, द्वारका. आमच्या सासऱ्यांच्या तोंडी हे नाव मी ऐकलंय, मुंबई ते बसरा जाणारी बोट. मी तिथे उन्हात उभी, डोळे भरून आलेले, आणि तू विचारतेस सुरक्षित वाटलं का.

"त्या लोकांत" म्हणजे कोणत्या लोकांत गं मावशी? मुंबईहून कोलकाता जेवढं लांब, साधारण तेवढंच मस्कत. मध्ये फक्त समुद्र आहे. 1970 पर्यंत मस्कतच्या बाजारात रुपया चालायचा, आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला. आज रियाल आहे, तरी सुट्ट्या पैशांना ते बैसाच म्हणतात. म्हणजे आपला पैसा. सुलतानाच्या राजवाड्याजवळ शंकराचं देऊळ आहे, कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांचं, पिढ्यान् पिढ्यांचं. बंदराच्या तोंडावर जलाली आणि मिरानी हे पोर्तुगीजांचे दोन किल्ले उभे आहेत. ज्या पोर्तुगीजांना चिमाजी आप्पांनी 1739 साली वसईतून घालवलं, त्यांना या लोकांनी 1650 सालीच मस्कतमधून हाकललं होतं. हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. टीव्ही मात्र रोज रात्री सांगतो, अरब म्हणजे काय ते.

बरं, एक कबूल करते. एका गावातल्या छोट्या हॉटेलात मला पाहिल्याबरोबर पोऱ्याने मागच्या पडद्याआडच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे बायकांनी बसायचं. नवरा बाहेर बसला असता तरी चाललं असतं, मी नाही. तो पडदा मला खुपला आणि अजून खुपतोय.

आजोबांनी चाक बदलून झाल्यावर पैशाचं नावही काढू दिलं नाही. उलट म्हणाले, कहवा, म्हणजे त्यांची कॉफी, घेतल्याशिवाय जायचं नाही. त्यांच्या मागोमाग गेलो. आधी त्यांनी खजुराची बाग दाखवली. बागेतून फलज वाहतो, म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी नुसत्या उतारावर गावापर्यंत आणणारा पाट. पंप नाही, मोटर नाही. कुणाच्या बागेत पाणी किती वेळ जाणार हे पूर्वी दिवसा सावलीवर मोजायचे आणि रात्री ताऱ्यांवर. प्रत्येकाची पाळी ठरलेली. मला तर आजोळच आठवलं. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरचा बंधारा, फडातल्या शेतांना पाळीने मिळणारं पाणी, आणि पाटकरी आला की आजी म्हणायची, त्याला आधी पाणी द्या, मग बोला. आजोबा पाटात पाय सोडून बसले होते. मी पण बसले. इतकी शांत मी कितीतरी वर्षांत बसले नसेन.

घरी नवरा मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, बसला आणि मला आत बायकांत नेलं. (पुन्हा वेगळं. पण खरं सांगू, आतच जास्त गंमत होती.) आजींनी लोबानाची धुनी आणली आणि माझ्या ओढणीखाली धरली. मला बाळंतपणातली धुरी आठवली, तोच वास, तोच ऊबदार धूर. सून शाळेत शिकवते, स्वतः गाडी चालवते, तिने माझ्या मंगळसूत्राबद्दल शंभर प्रश्न विचारले. खजूर झाले, हलवा झाला, कहवा संपेना. कप हलवून परत द्यायचा, म्हणजे पुरे, हे मला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे त्या ओततच राहिल्या.

आणि हे सगळं जिने आणलं, धुतलं, उचललं, ती बाई आपल्या आंध्रातल्या कडप्याची होती.

आता मित्रा, तुला. मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर ती हळूच म्हणाली, "इंडिया से?" दोन वर्षं झाली म्हणाली. मुलगी बारावीला आहे, आईकडे ठेवलीय. मी विचारलं, घरी कधी जाणार? म्हणाली, "बाबा बोलेंगे तब। पासपोर्ट उनके पास है, अलमारी में।" बाबा म्हणजे तेच. मातीत बसून आमचं चाक बदलणारे. मी काहीच बोलले नाही, तेव्हा तीच मला समजावल्यासारखं म्हणाली, "अच्छे लोग हैं अम्मा, मारते नहीं।"

मारते नहीं. चांगुलपणाची ही पट्टी कुठून आली असेल तिच्याकडे? आधीच्या घरात काय झालं असेल? मी विचारलं नाही. मला भीती वाटली उत्तराची.

तुला रस्ते दिसले. मलाही दिसले, छानच आहेत. 1970 साली त्या अख्ख्या देशात जेमतेम दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता आणि शाळा तीन. पन्नास वर्षांत त्यांनी जे केलं त्याचं मलाही कौतुक आहे. पण ते डांबर कुणी ओतलं ते तुझ्या कौतुकात कुठेच येत नाही. केरळ, आंध्र, बिहार, बांगलादेश. भर दुपारी मस्कतच्या रस्त्यावर नारिंगी कपडे घालून झाडणारा माणूस मी पाहिला. ती "स्वच्छता" त्याची आहे. "आपल्याकडे असं कधी होणार" म्हणतोस, तेव्हा नक्की काय मागतोस तू? बोलता न येणारी माणसं?

हो, कायदे बदललेत. 2021 पासून करार संपला की नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागत नाही. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही असाही नियम आहे. आहे ना नियम. आणि पासपोर्ट कपाटात आहे.

आणि हो, आपल्याकडच्या कामवाल्या मावशींचा कप वेगळा असतो, तेही मला माहीत आहे. माझ्या सासूबाईंच्या घरात होता.

मला राग कुणाचा येतोय तेच कळत नाहीये. आजोबांचा येतो, आणि आला की लगेच ते मातीत टेकलेले गुडघे दिसतात. त्या माणसाला मनापासून वाटत असेल की आपण तिला सांभाळतोय. पासपोर्ट हरवू नये म्हणून कपाटात ठेवला, असंच म्हणेल तो. पाण्याचा थेंबही ज्याच्या त्याच्या पाळीने सोडणारा माणूस आहे हा. मग एक बाई तिच्या पाळीने घरी का जाऊ शकत नाही? तिथेच विचारायला हवं होतं. पोटात त्यांचे खजूर होते आणि दारात त्यांनी बदललेलं चाक होतं, माझी जीभ उचलली नाही. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बेटी म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. तो नमस्कार खरा होता, मावशी. तू हे वाचून "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणू नकोस, प्लीज. मला त्या घरात माहेरच्यासारखं वाटलं होतं, आणि हे मी मागे घेणार नाही.

बहलाचा किल्ला शेवटी पाहिलाच. मातीच्या विटांचा, प्रचंड. फोटो टाकलाय, त्याला सगळ्यात जास्त लाईक आहेत. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

त्या बाईने हलव्याच्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूने मुलीचा नंबर लिहून दिला होता. आज दुपारी धीर करून फोन लावला. मुलीला हिंदी थोडंच येतं. तुझी आई भेटली, बरी आहे, तब्येत चांगली आहे, असं मी सांगत राहिले. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, अम्मा कुठे झोपते, खोलीला खिडकी आहे का?

मी तिची खोली पाहिलीच नव्हती.