न्यूमोनिया गारठ्याने होतो म्हणे!

‘बाळाला न्यूमोनिया गारठ्याने होतो. नीट गुंडाळून ठेवा, लशी लागत नाहीत. झालाच तर अँटिबायोटिक आहेच.’ हा संदेश सगळीकडे फिरतोय. लहान बाळांच्या आईवडिलांना तो पाठवला जातो, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी गारठा. न्यूमोनिया होतो जंतूंमुळे. न्यूमोकोकस आणि हिब हे जिवाणू, आरएसव्ही हा विषाणू, ही त्यांतली मोठी नावं. थंडीत रुग्ण वाढतात हे खरं, पण उकाड्याच्या प्रदेशांतही मुलं न्यूमोनियाने दगावतात. बाळाला ऊब हवीच. मात्र ऊब राहावी म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि त्याच खोलीत चूल किंवा सिगारेट पेटवायची, हे फार वाईट. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते जंतू आणि कफ वर ढकलत असतात. धुराने तेच लुळे पडतात.

‘लशी लागत नाहीत’ हे तर धादांत खोटं. हिब आणि न्यूमोकोकसवरच्या लशी थेट न्यूमोनिया रोखतात. गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशीही रोखतात, कारण गोवरात दगावणारी मुलं बहुतेकदा न्यूमोनियानेच जातात. न्यूमोकोकसची बाळांसाठीची लस 2000 साली आली. जिथे ती सर्रास दिली गेली तिथे लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांमधलाही आजार घटला! हा जंतू मुलांच्या नाकात राहतो आणि तिथूनच घरभर पसरतो ना. लस सगळे जंतू अडवत नाही, म्हणून पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, पुढे पोटभर सकस खाणं आणि हात धुणं हेही तितकंच महत्त्वाचं.

राहिलं अँटिबायोटिक. विषाणूंवर ते चालत नाही. जिवाणूंवर चालतं, पण वेळेत मिळालं तर. 2019 मध्ये जगभरात पाच वर्षांखालची सुमारे 7 लाख 40 हजार मुलं न्यूमोनियाने गेली, आणि औषध तेव्हाही होतंच.

बाळ खोकत असेल, ताप असेल, तर ते शांत असताना अंगरखा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली 60, वर्षापर्यंत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच डॉक्टरकडे न्या. सकाळची वाट पाहू नका.