चुलीच्या धुराला औषध म्हणू नका

रविवारी आत्याला फोन केला, तर बोलता बोलता तिला तीनदा थांबावं लागलं. दम लागला होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, आठ दिवस झाले, गॅस बंद ठेवून तिने घरात पुन्हा चूल पेटवलीय. का? तर मोबाइलवर मेसेज आला. 'चुलीच्या धुराने जंतू मरतात, हवा शुद्ध होते. गॅस अन्नात उतरून कॅन्सर होतो. लाकूड निसर्गाचं, म्हणून चूल पर्यावरणपूरक. आपल्या आज्या चुलीवर रांधून नव्वदी गाठायच्या.' आत्या म्हणते, "अगं, डाक्टरानंच लिहिलंय ते." कुठल्या डॉक्टरने, ते मेसेजात नाही.

धुराचंच आधी. हे लिहिणाऱ्याने श्रावणात सर्दावलेल्या पऱ्हाट्या घालून एकदा चूल पेटवून बघावी. फुंकणी तोंडाला लावली की चेहरा जाळापासून हातभर, आणि फुंकून झालं की पुढचा श्वास त्याच धुरातला. आत्याच्या स्वयंपाकघरातल्या वाशांना बोट लावलं तर काजळी डांबरासारखी चिकटते. तेच छातीत जातं. सहा वर्षांपूर्वी तिला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विडीचं विचारलं. तिने जन्मात विडी ओढली नाही. निदान निघालं सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याच्या जुनाट आजाराचं, आणि कारण म्हणून त्यांनी चुलीकडेच बोट दाखवलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल यांच्या घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसं गेली. त्यात पाच वर्षांखालची मुलं २ लाख ३७ हजारांहून जास्त. लहान मुलांना न्यूमोनियासारखे आजार होण्याचा धोका या धुराने जवळपास दुप्पट होतो, असंही हीच संघटना सांगते. धुराने जंतू मरत असते, तर चुलीपाशी आईच्या मांडीवर असलेल्या बाळाची छाती का भरते?

गॅस अन्नात उतरतो हे साफ खोटं. तो ज्योतीत जळतो. आपल्याला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो, एवढं मान्य. मग खिडकी उघडा. चूल कशाला?

गॅस खनिज इंधन आहे, हेही खरं. पण अर्धवट जळलेल्या लाकडाची काजळीही हवा तापवते आणि गोवरी जाळली की शेतातलं खत गेलं. पर्यावरणाची एवढी कळकळ असेल तर गोबरगॅसबद्दल लिहा, त्यात इंधनही मिळतं आणि खतही. सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून चुलीकडे परतलेल्या बायकांबद्दल लिहा.

राहिल्या आज्या. माझी आजी साठीच्या आत खोकून खोकून गेली. गावात सगळे म्हणाले, दमा होता.

चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी, यावरून मी आत्याशी भांडत नाही. काल चुलतभावाने चूल अंगणात नेली आणि गॅस पुन्हा सुरू केला. तिचा श्वासाचा पंप अजून चालूच आहे. मेसेज ज्या ग्रुपवरून तिला आला, तिथेच हे टाकतेय.