लसूण काळी पडली नाही म्हणून अळंबी खायची?

पाऊस पडला रे पडला की तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो. "जंगली अळंबी विषारी आहे की नाही, घरच्या घरी ओळखा", खाली मुद्दे, शेवटी हात जोडलेला इमोजी आणि सगळ्या ग्रुपवर पाठवा म्हणून विनंती. यंदा तो आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर आला आणि ज्यांनी आत्ता कुठे अळंबी ओळखायला सुरुवात केलीय अशांनीच खाली "खूप उपयुक्त माहिती" लिहिलं, म्हणून हा खटाटोप.

पहिला मुद्दा: अळंबी शिजवताना लसणाची पाकळी नाहीतर चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विषारी.
अहो, चांदी काळी पडते गंधकामुळे, उकडलेल्या अंड्यानेही पडते, म्हणून कोणी अंडी फेकतं का? लसूण तर जरा आंबट लागलं की आपली आपणच हिरवी-निळी होते. ज्या विषाने जगात अळंबीचे सगळ्यात जास्त बळी घेतलेत त्या अमॅटॉक्सिनचा या दोन्हीशी काही संबंध नाही. हेच विष असलेल्या डेथ कॅप नावाच्या अळंबीसोबत नाणं तासभर उकळा, चकचकीतच राहील.

दुसरा: भडक रंगाची विषारी, पांढरी साधी ती खायची.
हा मला सगळ्यात घातक वाटतो कारण ऐकायला एकदम पटतो. डिस्ट्रॉयिंग एंजल नावाच्या अळंब्या पांढऱ्याशुभ्र असतात, एकदम सात्त्विक दिसतात, आणि जीव घेतात. उलट इटलीत रोमन काळापासून आवडीने खाल्ली जाते ती सीझर्स मश्रूम चांगली केशरी असते. आणि लांब कशाला जायचं, सोसायटीच्या लॉनवर पावसात ताटलीएवढी पांढरी छत्री येते, वर तपकिरी खपल्या, ती बऱ्याचदा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असते. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब असे की सलाईन लावायची वेळ येते. कोवळी असताना तिच्या छत्रीखालच्या पट्ट्या पांढऱ्याच दिसतात, त्यामुळे नुसतं बघून लोक फसतात. टोपी कापून कागदावर पालथी ठेवायची, वर ग्लास झाकायचा, रात्रभर तसंच. सकाळी कागदावर हिरवट भुकटीचा ठसा दिसला की खेळ खलास. याला स्पोअर प्रिंट म्हणतात. नवशिक्याने खाण्याचा विचारही करण्याआधी हे करायला शिकावं, अर्धा कागद काळा अर्धा पांढरा घ्यावा म्हणजे पांढरा ठसाही दिसतो. आणि हात लावायला घाबरू नका, विष पोटात गेल्याशिवाय काही करत नाही.

तिसरा: किड्यांनी, गोगलगायींनी खाल्लेली असेल तर सेफ. गोगलगायी डेथ कॅपही खातात आणि काही फळमाश्यांच्या अळ्या तर अमानिटातच (डेथ कॅप, डिस्ट्रॉयिंग एंजल ज्या कुळातल्या, ते कुळ) वाढतात. त्यांचं शरीर वेगळं, आपलं लिव्हर वेगळं. पुढे.

चौथा: जमिनीवरची नको, लाकडावरची चालते. गॅलेरिना मार्जिनाटा लाकडावरच उगवते आणि तिच्यात तेच अमॅटॉक्सिन. पुढे.

पाचवा: मीठ-हळद घालून उकळा, पाणी फेका, विष जातं.
अमॅटॉक्सिन उकळून जात नाही, वाळवून जात नाही, फ्रीझरमध्येही जात नाही. वर त्याची चाल अशी की खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं आणि घरचे म्हणतात चला निभावलं, आणि तोवर आत लिव्हरचं काम तमाम होत असतं. एप्रिल 2022 मध्ये आसामात जंगली अळंबी खाऊन काही दिवसांत 13 जण गेले, बरेचसे चहाच्या मळ्यांतले. तिकडेही शिजवूनच खातात हो.

आता यावर हमखास येणारं उत्तर, "आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या खातात, कोण मेलं?" बरोबर आहे, पण ते लसूण टाकून नाही खात. गोव्यात रोणाची अळमी घ्या, विदर्भात सात्या घ्या, ती वाळवीच्या वारुळावर येते, कारण वाळवीच ती जमिनीखाली पोसते. काढणाऱ्याला जागा माहीत असते, महिना माहीत असतो, तो देठ तोडत नाही, खणून बघतो, तर देठ मुळासारखा निमुळता होत खोल वारुळात गेलेला असतो. टोपीला मधे टोक. अमानिटा खणली तर बुडाशी फाटक्या पिशवीसारखं काहीतरी सापडतं, आणि बहुतेक वेळा देठावर कडं. वरच्यावर खुडली की ही पिशवी मातीतच राहते आणि ओळखायची मुख्य खूणच गेली. म्हणजे त्यांना "विषारी कुठली" हे कळत नसतं, त्यांना ती एक अळंबी कळते, नखशिखांत, त्या रानातली. ते ज्ञान दुसऱ्या मुलुखात नेलं की दगा देतं. ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात आशियातून गेलेल्या लोकांनी डेथ कॅपला आपल्याकडची भाताच्या पेंढ्यावरची अळंबी समजून खाल्लंय, दोघींच्या बुडाशी पिशवी असते ना. ठसा घेतला असता तर पेंढ्यावरचीचा गुलाबीसर आणि डेथ कॅपचा पांढरा आला असता.

सहावा मुद्दा यंदा नवीन जोडलाय, गूगल लेन्सने कन्फर्म करा. वरून काढलेल्या फोटोत ना पट्ट्या दिसतात, ना बूड, ना ठसा. नाव शोधायला सुरुवात म्हणून ठीक, ताटात वाढायला नाही.

आणि शेवटची ओळ, त्रास झाला तर ताक पाजा, मिठाच्या पाण्याने उलटी काढा. कृपा करून हे करत बसू नका. सरळ हॉस्पिटल, ज्यांनी ज्यांनी खाल्लं ते सगळे, ज्याला काही होत नाहीये तोसुद्धा. किती वाजता खाल्लं ते सांगा, उरलेली कच्ची अळंबी किंवा भाजी सोबत न्या, कच्ची असेल तर कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत सडते. आणि मधेच बरं वाटलं म्हणून डिस्चार्ज मागू नका.