छोट्या मिलला २.२ किलोवॅटची राउटर स्पिंडल? आधी टॉर्क मोजा

टेबलावर बसणाऱ्या छोट्या मिलिंग मशीनचं सीएनसी करायला, म्हणजे ती संगणकाने चालवायला, घेतलं की मोटरबद्दल एक सल्ला हमखास मिळतो. फिरणारा मजकूर साधारण असा: "मूळची ५०० वॅटची मोटर आणि गिअर काढून टाका. राउटरची २.२ किलोवॅट, २४,००० आरपीएमची स्पिंडल सरळ हेडवर बसवा. ताकद चौपट, वेग दहापट, बेल्ट-गिअरची कटकट संपली. स्टीलसाठी वेग कमी हवा? व्हीएफडीवर कमी करा." (स्पिंडल म्हणजे हत्यार धरून फिरवणारा भाग, राउटरच्या स्पिंडलमध्ये मोटर आतच असते. व्हीएफडी म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह.) या सल्ल्यावर विसंबून ओळखीतल्या दोघांनी पैसे घातले आणि एमएसमध्ये, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, पहिलाच कट घेताना स्पिंडल जागच्या जागी थांबली. म्हणून यातला एकेक दावा तपासतो.

"ताकद चौपट." २.२ किलोवॅट हा आकडा २४,००० आरपीएमचा आहे. किलोवॅटला ९५५० ने गुणून आरपीएमने भागलं की न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. इथे तो येतो फक्त ०.८८. व्हीएफडीने वेग उतरवला की टॉर्क वाढत नाही, फार तर तेवढाच राहतो, आणि वॅट मात्र वेगाच्या प्रमाणात घसरतात. ८०० आरपीएमला हाती उरतात जेमतेम ७३ वॅट.

८०० आरपीएम उगाच घेतलेला नाही. १० मिलिमीटरची एचएसएस (हायस्पीड स्टील) एंडमिल, म्हणजे दांड्यासारखा कटर, एमएसमध्ये मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीडने चालवायची तर वेग तेवढाच येतो. आता त्या एंडमिलने २ मिलिमीटर खोल खाच मारा, फीड, म्हणजे पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला १२० मिलिमीटर. मिनिटाला २.४ घनसेंटिमीटर धातू निघतो. एमएसला मिनिटाला निघणाऱ्या दर घनसेंटिमीटरमागे साधारण ५० वॅट धरले तर १२० वॅट, म्हणजे ८०० आरपीएमला १.४ न्यूटन-मीटर लागतात. स्पिंडलकडे आहेत ०.८८. हा काही दांडगा कट नव्हे, कुणीही रोज घेईल असाच आहे. १० मिलिमीटरच्या ड्रिलला तर फेऱ्याला ०.१५ मिलिमीटर फीडवर ४ न्यूटन-मीटरच्या आसपास लागतात, तिथे प्रश्नच मिटला.

याउलट ती "कमजोर" ५०० वॅटची मोटर खालच्या गिअरवर १००० आरपीएमला पूर्ण जोर देत असेल तर टॉर्क होतो ४.८ न्यूटन-मीटर. घर्षणात थोडा गेला तरी चारच्या वर राहतो. ज्याला कटकट म्हणून काढून टाकायला सांगितलं जातं, तो गिअरच तर टॉर्क वाढवून देत होता! स्वस्त मशीनमधले प्लास्टिकचे गिअर तुटतात, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे दातेरी बेल्ट आणि दोन पुल्या.

"व्हीएफडीवर वेग कमी करा" यात आणखी एक धोका आहे. एअर-कूल्ड स्पिंडलचा पंखा शाफ्टवरच असतो. वेग उतरला की वारा कमी, आणि नेमका तेव्हाच आपण तिच्यावर लोड टाकतो. त्यात या स्पिंडल्सचा पूर्ण व्होल्टेज ४०० हर्ट्झला गृहीत धरलेला असतो. व्हीएफडीत बेस फ्रिक्वेन्सी (ज्या हर्ट्झला पूर्ण व्होल्टेज दिला जातो ती) ५० हर्ट्झच ठेवून स्टार्ट दिला, तर वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही. कमी वेग मिळवायच्या नादात हे सेटिंग ४०० हर्ट्झवरून खाली आणू नका.

"वेग दहापट" मात्र खरं आहे, आणि त्याचा उपयोगही आहे. ॲल्युमिनियममध्ये ६ मिलिमीटरची कार्बाइड एंडमिल मिनिटाला ३०० मीटरने चालवायची तर जवळपास १६,००० आरपीएम लागतात. नक्षीकाम, पितळ, पीसीबी, ॲल्युमिनियमच्या पातळ प्लेट एवढंच काम असेल तर ही स्पिंडल खुशाल घ्या. "मग स्टीललाही कार्बाइड लावा" असं कुणी म्हणेल. ६ मिलिमीटर कार्बाइड ५३०० आरपीएमला स्टीलमध्ये हलके कट घेते, तिथे ४९० वॅट मिळतात, काम होतं. पण मिल आपण फक्त बारीक एंडमिलसाठी घेत नाही. ५० मिलिमीटरचा फेस मिल, टॅपिंग, बोरिंग हेड, मोठं ड्रिल या सगळ्यांना काहीशे आरपीएम आणि भरपूर टॉर्क हवा. शिवाय या स्पिंडलच्या ईआर-२० कोलेटमध्ये (हत्यार पकडणाऱ्या चिमट्यात) १३ मिलिमीटरपुढचा शँक, म्हणजे हत्याराचा दांडा, बसत नाही आणि मूळ स्पिंडलच्या आर-८ किंवा एमटी-३ टेपरची जमवलेली सगळी हत्यारं कपाटात पडून राहतात.

मग काय लावावं? मूळ स्पिंडल आणि बेअरिंग तशीच ठेवा, फक्त मोटर बदला. माझी पहिली पसंती ७५० वॅटच्या एसी सर्वोला. ३००० आरपीएमला २.३९ न्यूटन-मीटर, थोडा वेळ त्याच्या तिप्पट. २:१ पुलीवर १५०० आरपीएम आणि ४.८ न्यूटन-मीटर. त्याखालच्या वेगालाही टॉर्क तेवढाच टिकतो, म्हणून वरची खाच आणि ड्रिल दोन्ही निघतात. एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) मोटरवरच असल्याने कंट्रोलर साथ देत असेल तर रिजिड टॅपिंगही, म्हणजे फेऱ्यांशी फीड जुळवून आटे पाडणंही, जमतं. बेल्ट उलटा लावून वेग वाढवणार असाल तर आधी मूळ बेअरिंगची मर्यादा बघा.

बजेट कमी असेल तर एक एचपीची चार पोलची थ्री-फेज मोटर आणि सिंगल-फेजवर चालणारी व्हीएफडी. साधारण १४०० आरपीएमला ५ न्यूटन-मीटर मिळतात. ओतीव लोखंडी बॉडीची मोटर जड असते, हेड वर-खाली करणाऱ्या झेड अक्षाला गॅस स्प्रिंग किंवा काउंटरवेट लागेल. फार कमी हर्ट्झवर जास्त वेळ चालवायची तर वेगळा पंखा लावा.

आणि विकत घेण्याआधी टर्मिनल बॉक्स उघडून बघा. आपल्याकडच्या अनेक छोट्या मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एका गाठीत) बांधलेल्या असतात. सहाही टोकं बाहेर असतील तर डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) जोडून त्या २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर पूर्ण जोराने चालतात. तीनच टोकं दिसली तर स्टारची गाठ आत आहे, ती रिवाइंडिंगवाल्याकडून सोडवून टोकं बाहेर काढून घ्यावी लागतील.