कागदपत्रं पूर्ण असलेल्या सज्जनांसाठी काही सूचना

अमेरिकेतल्या आपल्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, शेरीफ 'आइस'शी, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन खात्याशी, कागदपत्रांविना राहणाऱ्यांना पकडायला हातभार लावण्याचा करार करायच्या विचारात आहेत, अशी बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी टाकली, तर सर्वांत आधी त्याला 'हा ग्रुप फक्त मंडळाच्या कामासाठी आहे' याची आठवण करून द्या. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्या निम्म्यासाठी पुढचं वाचा.

मुख्य म्हणजे घाबरू नका. हे आपल्यासाठी नाहीच. हे 'त्यांच्या'साठी आहे. 'ते' म्हणजे आपलं लॉन कापणारे, छप्पर बदलून देणारे, आणि ज्या हॉटेलात आपण 'अगदी घरच्यासारखं' म्हणत जेवतो तिथे आत कांदा चिरणारे. आपण लायनीत उभे राहून आलो. अजूनही उभेच आहोत. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या तारखांवर रेंगाळतो आहे, मुलं एकवीस वर्षांची होऊन आईबापांच्या व्हिसातून गळताहेत, पण लायनीचा अभिमान अभंग आहे. तो तसाच राहू द्या.

कोणी आगाऊपणे सांगेल, की प्यू या संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार या देशात कागदपत्रांविना राहणाऱ्यांत मेक्सिको आणि एल साल्वादोरच्या मागोमाग भारतीयांचा नंबर लागत होता, तब्बल ७ लाख २५ हजार. त्याला म्हणा, ते दुसरे भारतीय. ५ फेब्रुवारी २०२५ ला बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्राचे तिघे होते. पण तेही आपले नव्हेत. त्यांच्यापैकी कोणी गणपतीच्या वर्गणीची पावती फाडली होती का? मग झालं तर.

आता थोडी माहिती असलेली बरी, म्हणजे पार्टीत बोलता येतं. मुळात शेरीफ म्हटल्यावर मुंबईचा शेरीफ डोळ्यांपुढे आणू नका. तो सभासमारंभांचा मानकरी. इथला शेरीफ निवडून येतो, बंदूक बाळगतो आणि काउंटीचा तुरुंग चालवतो. इमिग्रेशन हे खातं केंद्राचं. स्थानिक पोलिसाने त्यात पडायचं तर परवानगी लागते. ती सोय १९९६ मध्ये क्लिंटनसाहेबांच्या सहीने झाली, कलम २८७ (जी). पुढची सहा वर्षं त्या कलमाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पहिला करार २००२ मध्ये फ्लोरिडाने केला. करारांचे प्रकार तीन. दोन तुरुंगाच्या चार भिंतींत चालतात, तिसरा रस्त्यावर. रस्त्यावरच्या प्रकारातले अनुभव असे काही आले की ओबामा सरकारने २०१२ मध्ये तो गुंडाळला. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा उलगडला. २०२४ संपताना देशात असे १३५ करार होते. सप्टेंबर २०२५ पर्यंत ते हजाराच्या वर गेले. म्हणजे आपले शेरीफ मागे पडलेत. शेजारच्या काउंटीत आहे आणि आपल्याकडे नाही, हे आपल्याला घराच्या डेकच्या बाबतीतसुद्धा सहन होत नाही.

तुरुंगात येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे एरवीही केंद्राकडे जातातच. ती व्यवस्था २०१३ पासून देशभर आहे. मग करार कशाला, असा प्रश्न मनात आला तर तो मनातच ठेवा.

काही शंकेखोर विचारतील, की टेललाइट फुटली म्हणून गाडी थांबवणाऱ्या डेप्युटीला, म्हणजे शेरीफच्या पोलिसाला, इमिग्रेशनचा कायदा कळणार का? का नाही कळणार? त्याला प्रशिक्षण असतं. रस्त्यावरच्या कामासाठी पूर्वी चार आठवडे साऊथ कॅरोलायनात जाऊन बसावं लागे; आता ऑनलाइन ४० तासांत होतं. एवढ्या वेळात आपण कंपनीचं सायबर सिक्युरिटीचं ट्रेनिंग दुसऱ्या खिडकीत चालू ठेवून दोन वेब सिरीज संपवतो. तुमचा वकील वीस वर्षं याच कायद्यात मुरला आहे आणि ईमेलचं उत्तर द्यायला तीन आठवडे घेतो. त्याला विचारून पाहा: एच-वन-बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, मुदत संपली, वाढीचा अर्ज वेळेत गेलाय, निकाल आलेला नाही, तर मी आत्ता कायदेशीर आहे का? तो म्हणेल, "आहात. म्हणजे, स्टेटस असं नाहीये, पण आहात. २४० दिवस कामही करू शकता." हे ऐकून तुम्ही आश्वस्त होता आणि त्याचं बिल भरता.

आता हेच वाक्य रात्री साडेनऊला, मागे निळे-लाल दिवे लुकलुकत असताना, काचेतून आत टॉर्च मारणाऱ्या माणसाला ऐकवायचं आहे. त्याच्या हातात तुमचं लायसन आहे. बऱ्याच राज्यांत लायसनची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली असते, त्यामुळे तेही संपलेलं. आय-९४ ची, म्हणजे देशात राहायच्या परवानगीच्या कागदाची, तारीख गेलेली. आणि समोर 'पेंडिंग, पेंडिंग' असं पुटपुटणारा घामाघूम इसम. ४० तासांपैकी नेमका २४० दिवसांचा धडा चालू असताना डेप्युटीने खिडकी बदलली नसेल, अशी आशा ठेवा.

तरी तयारी असावी. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद कायम अंगावर बाळगावा, असा कायदा फार जुना आहे, आणि अलीकडे त्याची धूळ झटकली गेली आहे. तेव्हा एक जाड फाइल करा. आपल्याला फायलींची सवय आहे; दहावीच्या मार्कलिस्टची अटेस्टेड झेरॉक्स आपण अजून जपून ठेवली आहे. रंगीत टॅब लावा. एका टॅबवर ठळक अक्षरांत '२४० दिवस: कृपया वाचा' असं लिहा. मात्र थांबवल्यावर ती फाइल घ्यायला एकदम ग्लव्ह बॉक्सकडे हात नेऊ नका. हात स्टिअरिंगवर ठेवायचे असतात. फाइल आपोआप बाहेर येईल अशी काही युक्ती कोणा मेकॅनिकल इंजिनिअरला सुचली तर ग्रुपवर टाकावी, ते मंडळाचं काम धरलं जाईल.

नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर दुसरा व्हिसा, नाहीतर मायदेश. एकसष्टाव्या दिवशी तुम्ही 'ते' होता. पण हा विचार डोक्यात घोळवून उगाच बीपी वाढवू नका. लेऑफ नेहमी दुसऱ्या टीममध्ये होतात.

नागरिकत्व घेतलेली मंडळी एव्हाना खुर्चीत मागे रेलून हसत असतील. त्यांच्यासाठी टालाहासीचा किस्सा. एप्रिल २०२५. फ्लोरिडाच्या हायवे पोलिसांनी एक गाडी थांबवली. आत विशीचा एक मुलगा प्रवासी म्हणून बसला होता. जन्म जॉर्जियाचा, म्हणजे जन्मानेच अमेरिकन. घरची भाषा मायन कुळातली, इंग्रजी बेताचं. बेकायदा राज्यात शिरल्याचा आरोप ठेवून आत टाकला, आणि तेही न्यायालयाने स्थगिती दिलेल्या कायद्याखाली. दुसऱ्या दिवशी त्याचा जन्मदाखला कोर्टात आला. न्यायाधीशबाईंनी तो उजेडासमोर धरला, वॉटरमार्क पाहिला, कागद अस्सल आहे असं सांगितलं, आणि मग हेही सांगितलं, की आइसने याला धरून ठेवायला सांगितलंय, माझ्या हातात काही नाही. संध्याकाळी सुटला बिचारा, तोवर बाहेर बराच गाजावाजा झाला होता. म्हणून अमेरिकन पासपोर्टवाल्यांनी पासपोर्ट, जन्मदाखला आणि बाहेर गाजावाजा करू शकतील असे किमान पन्नास नातेवाईक जवळ बाळगावेत. पन्नास नातेवाइकांची आपल्याला अडचण नाही, फक्त त्यांना वेळेवर यायला सांगा.

पैशांचं म्हणाल तर शेरीफसाहेबांची बाजू भक्कम आहे. ऑक्टोबर २०२५ पासून रस्त्यावरच्या करारात प्रत्येक प्रशिक्षित डेप्युटीचा पगार आणि भत्ते केंद्र भरून देतं. सामानासाठी डेप्युटीमागे ७,५०० डॉलर, नव्या गाड्यांसाठी १ लाख. शिवाय दर तिमाहीला बक्षीस: आइसने दिलेली माणसं शोधण्यात नव्वद टक्क्यांच्या वर गेलात तर डेप्युटीमागे १,००० डॉलर, ऐंशीच्या वर ७५०, सत्तरच्या वर ५००. आयटीवाल्यांना हे समजावून सांगायला नको. क्वार्टर संपत आलेलं असताना टार्गेट अडुसष्ट टक्क्यांवर अडकलं, की माणूस कोणकोणत्या वाटांनी दोन टक्के गोळा करतो, हे आपण स्वतः करून पाहिलेलं आहे. फक्त आपल्याकडे दोन टक्के म्हणजे जिराची तिकिटं, म्हणजे ऑफिसातली नेमून दिलेली कामं, असतात.

खर्चाची दुसरी बाजू ॲरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीला विचारू नका. तिथले शेरीफ जो अर्पायो यांनी २००७ मध्ये असाच करार केला होता. गृहस्थ हौशी, कैद्यांना तंबूत ठेवायचे आणि गुलाबी अंतर्वस्त्रं घालायला द्यायचे. त्या वर्षी त्यांच्या माणसांनी एक गाडी थांबवली आणि आतल्या मेक्सिकन प्रवाशाला तासन् तास डांबलं. त्याच्याकडे वैध पर्यटक व्हिसा होता! लायनीत उभा राहून आलेला माणूस! त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या दाव्यात २०१३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की हे खातं चेहऱ्याच्या रंगावरून लॅटिनोंना अडवतं. अर्पायोंनी आदेश मानले नाहीत, २०१७ मध्ये अवमानाबद्दल दोषी ठरले, आणि महिन्याभरात ट्रम्पसाहेबांनी माफ केलं. माफी शेरीफला मिळाली. न्यायालयाच्या देखरेखीचा कोट्यवधी डॉलरचा खर्च काउंटीच्या करदात्यांना मिळाला. प्रॉपर्टी टॅक्स अपील करण्यात आपला हात कोणी धरत नाही, पण अशा वेळी अपील कुठे करायचं असतं ते बघून ठेवा.

आणखी किस्से आहेत, पण ते 'त्यांचे' आहेत, म्हणून पटकन उरकतो. नॅशव्हिलमध्ये २००८ साली नववा महिना भरलेली बाई लायसनविना गाडी चालवताना सापडली. कराराच्या जोरावर तिला तुरुंगात ठेवून घेतलं, कळा सुरू झाल्या तेव्हा पायात बेडी होती. मेरीलँडच्या फ्रेडरिक काउंटीत त्याच वर्षी एक बाई कामाच्या जागेबाहेर बसून सँडविच खात होती. हा गुन्हा ठरत नाही, हे अपील कोर्टाला २०१३ मध्ये सांगावं लागलं.

बरं, या सगळ्याने गुन्हे कमी होतात असं समजा. निदान नोंदवलेले तरी होतात. २०१७ मध्ये टेक्सासात कडक कायद्याचं वारं वाहू लागलं, तेव्हा ह्यूस्टनच्या पोलीसप्रमुखांनी आकडे दिले: पहिल्या तीन महिन्यांत हिस्पॅनिक लोकांकडून बलात्काराच्या तक्रारी आधीच्या वर्षीपेक्षा जवळजवळ ४३ टक्क्यांनी घटल्या होत्या. कागदावर किती छान दिसतं. आता आपल्या सोन्याचं. भारतीयांच्या घरात सोनं असतं, हे इथल्या चोरांनाही ठाऊक झालंय. तुम्ही सगळे दिवाळीच्या कार्यक्रमाला गेला असताना मागचं दार फुटलं आणि शेजारचं लॉन कापणाऱ्याने चोरांच्या गाडीचा नंबर पाहिला, तर तो पोलिसांना सांगायला येईल ना? नाही आला तर त्याच्या सामाजिक जाणिवेवर मंडळाच्या अंकात एक लेख लिहा. गुन्ह्याच्या तपासात मदत करणाऱ्या पीडितांसाठी वेगळा 'यू' व्हिसा आहे हेही त्यात नमूद करा. त्या अर्जासोबतच्या दाखल्यावर सही बहुधा पोलिसांचीच घ्यावी लागते.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर थोडी काळजी घ्या. बाबांना सकाळी माकडटोपी घालून फिरायची सवय असते, आणि लोकांच्या बागा बघत, मध्येच थांबत चालायची. २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये, नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले एक आजोबा असेच मुलाच्या घराबाहेर फिरत होते. कोणी तरी फोन केला. पोलीस आले, आजोबा म्हणाले, "नो इंग्लिश. इंडिया." पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, शरीर काही अंशी लुळं पडलं. खटला चालला, दोन ज्युरींचं एकमत झालं नाही, मग न्यायाधीशांनीच पोलिसाला मोकळं केलं. त्यात इमिग्रेशनचा संबंध नव्हता, करारही नव्हता, आजोबांचे कागद चोख होते. तेव्हा बाबांना ट्रेडमिल घेऊन द्या. बेसमेंटात ठेवता येते आणि तिथून कोणाची बाग दिसत नाही.

काउंटीच्या सभेत या करारावर चर्चा ठेवलीच, तर प्रत्येकाला बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. न जाणं उत्तम. गेलात तर 'आम्ही कायद्याने आलो' एवढं म्हणून खाली बसा. केंद्राला स्थानिक पोलिसांवर असलं काम लादता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच सांगितलंय, म्हणजे टेक्सास-फ्लोरिडासारख्या राज्याने स्वतःच सक्ती केलेली नसेल, तर हा निर्णय पूर्ण आपल्या शेरीफचा, असले मुद्दे काढू नका. नॉर्थ कॅरोलायनात शार्लट आणि रालीच्या मतदारांनी २०१८ मध्ये शेरीफच बदलले आणि नव्यांनी आल्या आल्या करार मोडले, हेही नको. आपल्यातल्या मतदारांना अध्यक्षाच्या निवडणुकीवर चार तास बोलता येतं. शेरीफचं नाव मतपत्रिकेवर फार खाली असतं, तिथवर स्क्रोल करायचे कष्ट घेऊ नका.

त्यापेक्षा शेरीफसाहेबांना दिवाळीला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवा. शाल द्या, इंडियन ग्रोसरीतला त्यातल्या त्यात बरा नारळ द्या, 'विविधता' या विषयावर त्यांना पाच मिनिटं बोलू द्या. मग एकेकाने त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घ्या. फोटो लॅमिनेट करा आणि फाइलमध्ये आय-९४ च्या वर लावा. मात्र ऑफिस पलीकडच्या काउंटीत असेल, तर तिथल्या शेरीफलाही एक शाल लागेल. खजिनदारांना आत्ताच सांगून ठेवा.